मंगळवारच्या ओपीडीसाठी विमान: छोटं जेट घ्यावं की एका इंजिनाचं टर्बोप्रॉप?

माळरानी

नमस्कार. इथल्या पाच-सात जणांकडे तरी पायलटचं लायसन्स आहे, हे जुन्या गप्पांवरून माहीत आहे. हा प्रश्न त्यांच्यासाठी. लांबलाय, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट मिळतील.

मी कान्सासात विचिटाला असतो, किडनीचा डॉक्टर. मूळ गाव गडहिंग्लज. दर मंगळवारी आणि गुरुवारी राज्याच्या पश्चिम टोकाला माझी ओपीडी असते. गार्डन सिटी आणि लिबरल नेहमीची, गुडलँड महिन्यातून दोनदा. तिकडे कितीतरी पेशंट डायलिसिसवर आहेत आणि किडनीचा डॉक्टर जवळपास नाही. गार्डन सिटीला गाडीने जाऊन-येऊन सात तास मोडतात. विमानाने एका बाजूला १६० नॉटिकल मैलांच्या आत, म्हणजे पाऊण-एक तास. बरोबर दोन नर्स, कधी आहारतज्ज्ञ आणि सामानाची चार-पाच खोकी.

सध्या सिरस एसआर२२टी आहे, एका पिस्टन इंजिनाचं छोटं विमान. एकूण ११५० तास झालेत, त्यातले आठशे याच विमानात. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगात नुसत्या यंत्रांवर उडवायची परवानगी) आहे, वय ५२.

विमान बदलायचं मनात आलं त्याला दोन कारणं. पहिलं, गेल्या डिसेंबरात संध्याकाळी गार्डन सिटीहून परतताना ढगात बर्फ धरायला लागला. एसआर२२च्या पंखांतून बर्फ न धरू देणारं द्रव पाझरतं, पण त्याची टाकी ती केवढी! वर चढून ढगांच्या बाहेर पडावं म्हटलं तर विमान नेटाने चढेना, खाली यावं तर ढग जमिनीपासून आठशे फुटांवर. डॉज सिटीला उतरलो आणि रात्र मोटेलमध्ये काढली. मागे बसलेल्या नर्सच्या घरी दोन वर्षांचं बाळ आहे. तिने फोनवर नवऱ्याला काय सांगितलं ते मी ऐकलं. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

दुसरं कारण आई. ती वर्षातले सहा महिने आमच्याकडे असते. वय ७८, श्वासाचा त्रास. एसआर२२टीमध्ये केबिनचा दाब राखता येत नाही, बारा-तेरा हजार फुटांवर नाकात ऑक्सिजनची नळी घालावी लागते. तिला असं न्यायला माझं मन घेत नाही. मुलगा ऑस्टिनला शिकतो, इथून सरळ दक्षिणेला ४४० नॉटिकल मैल. आईला नातवाला भेटायला गाडीतून नऊ तास बसवणं आता शक्य नाही.

बजेट तीन मिलियन डॉलरच्या आत. एक रेडिओलॉजिस्ट मित्र निम्मा भागीदार आहे. पर्याय तीन: वापरलेलं व्हिजन जेट जी२, साधारण २००४ च्या सुमाराचं पिलाटस पीसी-१२, नाहीतर टीबीएम ८५०. पहिलं एका इंजिनाचं जेट, बाकीची दोन टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइन इंजिनाने प्रॉपेलर फिरवणारी.

बायकोची अट एकच: "पॅराशूट नसलेल्या विमानात मी पोरांना घेऊन बसणार नाही." पहिल्यांदा सिरसमध्ये बसली तीही त्या छताच्या लाल हँडलकडे बघूनच; ते ओढलं की अख्खं विमान पॅराशूटने खाली येतं. पॅराशूट फक्त व्हिजन जेटला आहे. म्हणजे प्रश्न इथेच मिटला का? की मी चुकीचा प्रश्न विचारतोय?

---

खारे_वारे

डॉक्टर, मी फ्लोरिडात असते. गेली तीन वर्षं व्हिजन जेट जी२ उडवतेय, त्याआधी तुमच्यासारखीच एसआर२२ होती. तेव्हा माझं मत कुठे झुकणार ते उघड आहे, पण उणी बाजूही सांगते.

आधी वहिनींबद्दल. त्यांची अट कुणी हसण्यावारी नेऊ नये. या जेटचं पॅराशूट नाकात असतं. हँडल ओढलं की वेग जास्त असेल तर ऑटोपायलट आधी नाक वर करून वेग उतरवतो आणि मग छत्री सुटते. सप्टेंबर २०२२ मध्ये किसिमीजवळ वादळी हवेत एका व्हिजन जेटने ते वापरलं, तेव्हा आतले तिघंही वाचले. ती जागा आमच्यापासून लांब नाही. त्या आठवड्यात मी घरी सगळ्यांना बसवून हँडल कसं ओढायचं ते पुन्हा शिकवलं.

दुसरं, सेफ रिटर्नचं बटण. पायलट बेशुद्ध पडला तर मागच्या कुणीही ते दाबायचं. विमान स्वतः विमानतळ निवडतं, रेडिओवर सांगतं, उतरतं आणि इंजिन बंद करतं. गार्मिनच्या या यंत्रणेला पहिली मान्यता मे २०२० मध्ये पायपर एम६०० वर मिळाली, त्याच वर्षी टीबीएम ९४० आणि व्हिजन जेटवरही आली. मात्र घेताना खात्री करा, जुन्या जी२मध्ये ती असेलच असं नाही. २००४ च्या पीसी-१२ मध्ये तर ती नाहीच.

आता शिकणं. अमेरिकेत कुठलंही जेट म्हटलं की टाइप रेटिंग (त्या एका प्रकारच्या विमानाची वेगळी परीक्षा आणि परवानगी) लागतं, ते कितीही छोटं असो. मी टेनेसीत नॉक्सव्हिलला जाऊन केलं. दोनेक आठवडे सकाळी सिम्युलेटर आणि रात्री पुस्तक. इतका अभ्यास मी कॉलेज सुटल्यावर केला नव्हता. शिवाय दर वर्षी परीक्षा. सुरुवातीला ते ओझं वाटलं, आता वाटतं की याच एका गोष्टीने मला सगळ्यात जास्त सुरक्षित केलं. टीबीएम आणि पीसी-१२ ला कायद्याने टाइप रेटिंग लागत नाही, पण विमा कंपनी तेवढंच शिकायला लावेल आणि पहिले पंचवीस-पन्नास तास शेजारी अनुभवी पायलट बसवायला सांगेल.

वजनाचं गणित लोक चुकीचं मांडतात. "टाकी पूर्ण भरली तर पाचशे पाउंडसुद्धा उरत नाहीत" असं ऐकाल. खरं आहे, पण पूर्ण टाकी लागते हजार-बाराशे मैलांना. तुमचं ऑस्टिन ४४० मैलांवर. राखीव धरून १८५-१९० गॅलन भरा, म्हणजे साडेबाराशे पाउंड. पाच मोठी माणसं आणि बॅगा निघतात. मी फ्लोरिडाहून अटलांटाला तसंच जाते.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही: हँगर. व्हिजन जेटचा पंखविस्तार ३८ फूट ८ इंच आणि तुमच्या एसआर२२चा ३८ फूट ४ इंच. तुमच्या टी-हँगरमध्येच जेट मावेल. मी जागा बदललीच नाही.

आता उणं. ३१,००० फूट ही कमाल. आमच्याकडच्या उन्हाळी वादळांचे माथे पन्नास हजारांवर जातात, म्हणजे "वरून जाऊ" हा पर्याय नाही, वळसाच घालावा लागतो. टॉयलेट नाही. आईंच्या दृष्टीने हे आधीच लक्षात घ्या. आणि उन्हात धावपट्टीवर धावताना मागून जोर मिळतोय असं लवकर वाटत नाही. प्रॉपेलरची सवय असलेल्याला ते आधी घाबरवतं.

---

माळरानी

ताई, मनापासून आभार. हँगरचं डोक्यातच आलं नव्हतं. आज संध्याकाळी टेप घेऊन जातो.

उन्हात जोर कमी पडतो म्हणालात, तिथे थांबलो. गार्डन सिटीची धावपट्टी मोठी आहे. पण पुढच्या वर्षी आणखी एका छोट्या गावात दवाखाना सुरू करायचं चाललंय. तिथली पट्टी साडेतीन हजार फूट. समुद्रसपाटीपासून उंची तीन हजार फुटांच्या वर, आणि जुलैत चाळीस डिग्री.

---

पाना_पक्कड

डॉक्टरसाहेब, मी पायलट नाही. मी ती विमानं उघडतो. शिकलो मुंबईत, गेली बावीस वर्षं टेक्ससमध्ये मेकॅनिक आहे, आणि त्यातली बरीचशी पीटी६ इंजिनात गेली, पीसी-१२ आणि टीबीएममध्ये असतं तेच. तेव्हा माझं बोलणं स्पॅनर हातात धरलेल्या माणसाचं आहे असं समजा.

तुमच्या साडेतीन हजार फुटी पट्टीनेच सुरुवात करतो. गार्डन सिटीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून २,८९१ फुटांवर आहे. तिथे ३८ डिग्री तापमान असलं की हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण ६,३०० फुटांवर आहोत असं वाटतं. व्हिजन जेटचं पत्रकातलं उड्डाणाचं अंतर, पन्नास फुटांचा अडथळा ओलांडून, साधारण ३,२०० फूट. तो आकडा समुद्रसपाटीचा आणि १५ डिग्रीचा. तुमच्या नव्या गावातल्या जुलैचा नव्हे. तिथे पुस्तक उघडून गणित करा, आणि गणित "जेमतेम" म्हणालं तर त्याचा अर्थ "नाही" असा घ्या.

हे असं का, तेही सांगतो. जेट थोडी हवा खूप जोरात मागे फेकतं. प्रॉपेलर भरपूर हवा सावकाश ढकलतो. जमिनीवर आणि कमी वेगात दुसरा प्रकार फायद्याचा, तीस हजार फुटांवर आणि मोठ्या वेगात पहिला. म्हणून जेटला उंची गाठू द्यावी लागते. व्हिजन जेट वर ताशी साठ-पासष्ट गॅलन पिईल, खाली ठेवलंत तर नव्वदच्या वर. तुमचा फेरा १६० मैलांचा. चढून सरळ होईपर्यंत उतरायची वेळ. शिवाय दहा हजार फुटांखाली या देशात २५० नॉटची मर्यादा, ती सगळ्यांना सारखीच. माझ्या हिशोबाने गार्डन सिटीला एसआर२२टीने तुम्हाला ५३ मिनिटं लागत असतील, पीसी-१२ ने ४३ आणि जेटने ४०. तीन मिनिटं! तेवढा वेळ तर नर्सबाई कॉफीचा कप शोधण्यात घालवतात. ऑस्टिनलाही पीसी-१२ आणि जेटमध्ये फरक दहा मिनिटांचाच, आणि तीन पर्यायांत सगळ्यात आधी पोचेल टीबीएम ८५०. जेट म्हणजे जास्त वेग असं लोक धरून चालतात, पण या एका इंजिनाच्या जेटपेक्षा चांगलं टर्बोप्रॉप पुढे जातं.

आता इंजिन. पीटी६ उलटं बसवलेलं असतं. हवा मागून आत जाते आणि धूर पुढून, नाकाजवळच्या नळकांड्यातून, निघतो. प्रॉपेलर फिरवणारं टर्बाइन वेगळं, काँप्रेसर फिरवणारं वेगळं, आणि दोघांत दांड्याचा सांधा नाही. पहिल्यांदा शिकलो तेव्हा दोन दिवस मी त्या आकृतीकडेच बघत होतो. १९६० पासून हे इंजिन चालतंय. शेतावर फवारणी करणारी विमानं, ऑस्ट्रेलियातले फ्लाइंग डॉक्टर, सगळ्यांकडे हेच. त्याचा तुम्हाला फायदा असा की लिबरलच्या रॅम्पवर (विमानं उभी करायच्या जागेवर) काही बिघडलं तर पीटी६ ओळखणारा माणूस दोन तासांच्या अंतरावर मिळतो. शेतीच्या प्रदेशात तर हमखास. व्हिजन जेटमधलं विल्यम्सचं एफजे३३ वाईट इंजिन नाही, मी त्याच्या वाकड्यात नाही. पण ते माझ्या हद्दीबाहेर आहे आणि माझ्यासारख्या बहुतेकांच्याही.

जुन्या पीटी६ चं एक दुखणं मात्र आहे: सुरू करणं. २०१९ मध्ये पीसी-१२ एनजीएक्स आलं, त्यातल्या इंजिनाला संगणक आहे. तुम्ही बघताय त्या २००४ च्या विमानाला नाही. बॅटरी मलूल असेल, मागून वारा येत असेल आणि तुम्ही घाई केलीत तर तापमानाची सुई लाल रेषेच्या पार जाते. पाच सेकंदांत दोन-चार लाख डॉलरचं नुकसान होऊ शकतं. हात इंधनाच्या दांड्यावर, डोळा सुईवर, आणि मनात एकच विचार: चढली की बंद. सकाळी सहाला ओपीडीची घाई असताना हे पाळाल का? पाळाल तर जुनं घ्या.

घेण्याआधीच्या तपासणीवर पैसे वाचवू नका. चार वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे एक टर्बोप्रॉप घेऊन आले. रंग नवा, सीटा नव्या, इंजिनाचे तासही कमी. त्यांनी ते आधीच विकत घेतलं होतं. मी बोरस्कोप (इंजिनाच्या आत बघायची दुर्बीण) घातला, तर टर्बाइनच्या पात्यांवर गंज. ते विमान वर्षानुवर्षं समुद्रकाठी उभं होतं आणि काँप्रेसर धुतलाच गेला नव्हता. तास कमी असणं हेच त्याचं दुखणं होतं. त्या गृहस्थांचा चेहरा मला आठवतो, आठ महिने विमान माझ्या हँगरात पडून राहिलं. तुम्ही इंजिनाचा ट्रेंडचा कागद (उड्डाणांमधल्या नोंदींचा) मागा, शेवटचं हॉट सेक्शन (इंजिनाच्या तापणाऱ्या भागाची तपासणी) कधी झालं ते बघा, विमान राहिलं कुठे ते विचारा. ओव्हरहॉल जवळ आलं असेल तर ती रक्कम आजच किमतीतून वजा करा. "अजून तीनशे तास आहेत" यात समाधान मानू नका. तुमचे तीनशे तास दीड वर्षात संपतील.

आणि ज्या विमानाची कंपनी टिकेल का अशी शंका असेल, त्याच्या वाटेला जाऊ नका. २००६ च्या सुमारास छोट्या जेटची लाट आली होती, दारोदार एअर टॅक्सी होणार म्हणत होते. इक्लिप्स ५०० नावाचं सुंदर छोटं जेट निघालं, अडीचशेच्या आसपास बनली आणि २००८ मध्ये कंपनी दिवाळ्यात गेली. विमान उत्तम, पण भाग कुठून आणायचा?

---

कृष्णाकाठ

मध्येच विचारतो, माफ करा. सांगलीला आमचा कारखाना आहे. अमेरिकेचं सोडा, यातलं कुठलं विमान कराडच्या धावपट्टीवर उतरेल?

---

पाना_पक्कड

कराडची पट्टी तेराशे मीटरच्या आसपास, उंची साडेपाचशे मीटरच्या वर, आणि एप्रिलचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. डॉक्टरांच्या नव्या गावासारखंच प्रकरण. उतरणं जमतं, खरी परीक्षा भरल्या विमानाने निघताना. पीसी-१२ ची मला काळजी वाटणार नाही. जेटसाठी पहाटे निघा आणि माणसं कमी न्या. एक गोष्ट तिथे टर्बोप्रॉप आणि जेट दोघांच्याही बाजूने आहे: पिस्टन इंजिनाचं पेट्रोल भारतात मिळवताना जीव जातो, जेटचं इंधन मोठ्या विमानतळांवर मिळतंच. परवानग्यांचं मात्र तिकडच्या माणसालाच विचारा.

---

दख्खन_ते_डेन्व्हर

मी पीसी-१२ उडवून पोट भरतो. डेन्व्हरहून कोलोरॅडो, वायोमिंग आणि पश्चिम कान्सास हाच माझा पट्टा. त्या विमानात साडेचार हजार तास झाले. डॉक्टर, तुमच्या या विमानतळांवर मी महिन्यातून चारदा तरी उतरतो, म्हणून लिहितोय.

पानावाल्या काकांनी मिनिटं मोजून दाखवली ते बरं केलं. मी तुमचा मंगळवार मोजतो. मार्चमध्ये गुडलँडला वारा पंचवीस-तीस नॉट, तोही आडवा. चाकं टेकली की प्रॉपेलर उलटा घेतो, विमान जागच्या जागी बसतं, ब्रेकला हात लावावा लागत नाही. व्हिजन जेटला ही सोय नाही, सगळा भार ब्रेकवर, आणि पट्टीवर बर्फाचा पापुद्रा असला की मग कळतं. छोट्या गावांत रॅम्पवर खडी असते. प्रॉपेलरला ओरखडा पडला तर कानस फिरवून घासता येतो. जेटच्या इंजिनात खडा गेला तर नुसतं घासून भागत नाही.

मग मागचं दार. चार फुटांहून मोठं चौकोनी, मोटरने वर उघडतं. तुमची खोकी नर्सला डोक्यावरून आत कोंबावी लागणार नाहीत. त्या दारातून मी स्ट्रेचर घेतलंय, मोटारसायकल घेतलीय, एकदा एका शेतकऱ्याचं वासरूही. आईंना चढायला पुढच्या दाराला पायऱ्या आहेत, आधाराला दोर आहे. आणि बहुतेक पीसी-१२ मध्ये पडद्याआड टॉयलेट असतं. ७८ वर्षांच्या बाईला त्याचं महत्त्व काय, हे तुम्ही किडनीचे डॉक्टर, मी सांगायला नको. माझ्या स्वतःच्या आईने फक्त त्या एका कारणामुळे विमानात बसायला होकार दिला. नाहीतर ती प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी सोडायची, आणि तुम्हाला ठाऊक आहे त्याने काय होतं.

आता अवघड भाग, वहिनींचा. पॅराशूटची उणीव दुसऱ्या कशाने भरून निघते असं मी म्हणणार नाही. नाही भरून निघत. पण भीती नेमकी कशाची, ती सुटी करून बघा. इंजिन बंद पडण्याची असेल तर पीसी-१२ पंचवीस हजार फुटांवरून साठ मैलांच्या आसपास तरंगत जातं. कान्सासात साठ मैलांच्या वर्तुळात किती धावपट्ट्या येतात, नकाशावर कंपास फिरवून त्यांना दाखवा. मी नवीन पायलटला पहिल्या दिवशी हेच करायला लावतो. भीती तुम्हाला काही होण्याची असेल, तर पॅराशूटनेही विमान खाली येतं, पण कुठे ते कुणाच्या हातात नाही. तिथे ऑटोलँड (ताईंच्या सेफ रिटर्नसारखं, विमान स्वतः उतरवणारं) जास्त कामाचं. पिलाटसने ते २०२५ च्या पीसी-१२ प्रोमध्ये दिलं, जुन्यात नाही. वहिनींची भीती ही दुसरी असेल तर खाऱ्या वाऱ्याच्या ताईंचं म्हणणं खरं, किंवा मग पायपर एम६०० बघा, केबिन लहान आहे पण ऑटोलँड असलेलं मिळतं. तिसरी भीती मी रोज बघतो ती: थकलेला पायलट, संध्याकाळ, खराब हवा आणि "आज घरी पोचायचंच". तिला ना पॅराशूट पुरेसं ना दुसरं इंजिन. डिसेंबरात डॉज सिटीला उतरून तुम्ही मोटेलमध्ये राहिलात, त्या एका गोष्टीमुळे मी तुमच्या मागच्या सीटवर माझ्या मुलीला बसवेन.

बर्फाचं म्हणाल तर दोन्ही विमानं तुमच्या आत्ताच्या विमानापेक्षा फार पुढे आहेत. ताकद असली की ढगातून वर निघता येतं, हाच खरा इलाज. रबरी पट्टे फुगवून बर्फ पाडायचा तो नंतरचा.

टीबीएम ८५० बद्दल थोडक्यात. सुंदर विमान, ३२० नॉटला सहज भिडतं. एकट्याने लांब जाणाऱ्यासाठी माझी पहिली पसंती तीच. पण चार माणसं, पाच खोकी आणि आई? केबिन अरुंद पडेल.

एक सुचवतो. येत्या २४ तारखेला मंगळवार आहे. मी सकाळी विचिटाहूनच रिकामं विमान घेऊन गार्डन सिटीला जाणार आहे. मालकांना विचारलंय, त्यांची हरकत नाही. तुमची खोकी आणि नर्स घेऊन या. वहिनींनाही आणा. पैसे नकोत, शेजारच्या सीटवर बसून नुसतं बघा.

---

खारे_वारे

हे वाचून मीही थोडी सरकले. साडेतीन हजार फुटांची गरम पट्टी असेल तर मी स्वतः माझं जेट तिथे नेणार नाही. पण डॉक्टर, ते नवं गाव नक्की होईतो घाई करू नका. तो दवाखाना झालाच नाही, तर माझं उत्तर जेट हेच राहील. आणि काहीही घेतलंत तरी दर वर्षी सिम्युलेटरला जा, कायदा सांगो वा न सांगो.

---

माळरानी

काल रात्री सगळं मराठीत मोठ्याने वाचून दाखवलं, आईलाही. टॉयलेटच्या परिच्छेदावर आईने नुसती मान डोलावली आणि सुनेकडे बघितलं.

बायकोने बराच वेळ काही म्हटलं नाही. मग भीती कोणती, हा प्रश्न तिने स्वतःच उचलला. म्हणाली, इंजिनाची नाही. "तू मंगळवारी रात्री नऊला फोन उचलत नाहीस, तेव्हा मला वाटतं ती." पॅराशूटची अट तिने मागे घेतलेली नाही. पण आजपासून एक नवी अट घातली आहे, आणि ती मी लिहून फ्रिजवर लावली: ढग हजार फुटांच्या खाली किंवा बर्फाचा इशारा असेल तर संध्याकाळी निघायचं नाही. मुक्काम करायचा, नर्सच्या हॉटेलचे पैसे प्रॅक्टिसने द्यायचे. हे मी विमान बदलण्याआधीच करायला हवं होतं. त्या दोघींना सोमवारी तसं सांगितलंही.

हँगरचं दार मोजलं. ४१ फूट ६ इंच. व्हिजन जेट आत जाईल, ४१ फूट ७ इंचांचं टीबीएम इंचभरासाठी अडेल, आणि ५३ फुटांचं पीसी-१२ लांबच राहिलं. मोठ्या हँगरसाठी विमानतळाच्या ऑफिसात नाव घातलं, माझ्यापुढे अकरा जण आहेत. वसंतातल्या गारांमध्ये विमान बाहेर ठेवायचं नाही हे पक्कं, म्हणजे जागेचा प्रश्न विमानाइतकाच मोठा झाला. कुणाला विचिटाच्या आसपास साठ फुटी दाराचं हँगर भाड्याने माहीत असेल तर कळवा.

नव्या दवाखान्याचं १५ तारखेला काउंटीच्या बैठकीत ठरेल. माझं मन आता पीसी-१२ कडे आहे, पण तो निकाल येईतो कुणालाही आगाऊ पैसे देणार नाही. पानावाल्या काका, विमान ठरलं तर तपासणीला टेक्ससला तुमच्याकडेच आणू का?

डेन्व्हरचे दादा, मंगळवार पक्का. आम्ही पाच जण: मी, बायको, दोन्ही नर्स, आणि आई म्हणते तीही येणार. खोकी पाच, एकूण वजन १४० पाउंड, सगळी तराजूवर घालून मोजली आहेत. सकाळी किती वाजता यायचं?

---

दख्खन_ते_डेन्व्हर

साडेसहाला. आईंसाठी शाल घ्या, केबिन गरम व्हायला दहा मिनिटं लागतात. चहा मी आणतो.